वाट दाखवणाऱ्याचं नाव

भरतीचं पाणी साडेअकराला खडकांवर चढणार, हे इयोमला आठवडाभर आधीपासून ठाऊक होतं. पाहुणे सकाळी सातला येणार होते. तिने कचेरीत निरोप धाडला, "सातला रानात जळवा फार असतात, नऊला या." जळवा नऊलाही तेवढ्याच असतात. पण कचेरीतल्या माणसांना जळवांचं वेळापत्रक कुठून माहीत असणार? उलट टपाली उत्तर आलं, "काळजी घेतल्याबद्दल आभार."

सिरंगीतच्या भूशिरावर, जावाच्या त्या दक्षिण टोकाला, राखीव रानात वाटाड्याचं काम करून इयोमला एकवीस वर्षं झाली होती. सेहेचाळीस वर्षांची, बुटकी, पायाने काटक, आणि लक्षात ठेवण्याच्या बाबतीत भलतीच पक्की बाई. कोण कधी काय बोललं, कोणत्या सुरात बोललं, तेव्हा ताटात काय होतं, सगळं तिच्याकडे नोंदलेलं असे. शेजारणी म्हणायच्या, इयोमशी भांडायचं तर जेवणखाण करून बसावं, ती लग्नापासून सुरू करते.

आजच्या पाहुण्यांमध्ये एका माणसाची नोंद अठरा वर्षं जुनी होती.

त्याचं नाव युदिस्तिरा. बाहुल्यांच्या खेळात जो राजा कधी खोटं बोलत नाही त्याचं नाव आईबापांनी मोठ्या आशेने ठेवलं असणार. अठरा वर्षांपूर्वी तो बांडुंगहून एक कॅमेरा, दोन वह्या आणि नाजूक पोट घेऊन आला, आणि इयोमच्या बापाकडे राहिला. एकेचाळीस दिवस. केळीच्या पानात बांधलेला गरम भात, खारवलेला मासा आणि मिरचीचं सांबाल इयोमच त्याला वाढायची. बाप त्याला रोज रानात न्यायचा. निनीची गुहा गावाबाहेरच्या कुणालाच माहीत नव्हती, ती त्याला दाखवली. नवव्या दिवशी त्याला गुहेतच थंडीताप भरला. तेव्हा बापाने त्याला पाठुंगळीला घेऊन एकशे सत्तर पायऱ्या चढून वर आणलं. बापाचं वय तेव्हा त्रेसष्ट.

दोन वर्षांनी पुस्तक आलं. इयोमने ते बापाला मोठ्याने वाचून दाखवलं, कारण त्याला वाचता येत नव्हतं आणि कानानेही तो अधू होत चालला होता. पुस्तकात होतं की लेखकाने ही गुहा एकट्याने, जिवावर उदार होऊन शोधली. बापाबद्दल अख्ख्या पुस्तकात एकच ओळ होती, ‘एका स्थानिक म्हाताऱ्याने माझं सामान वाहिलं.’

"सामान?" बाप म्हणाला.

"हो."

"कसलं सामान? वह्या तर तूच सांभाळल्या होत्यास." मग थोड्या वेळाने त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो हसला. सामान म्हणजे तो तापलेला पोरगा स्वतः. हसला खरा, पण त्यानंतर भूशिरावर गेला नाही. दोन वर्षांनी गेला तो कायमचाच.

रानाच्या फाटकाशी लाकडी फलक लागला, ‘निनीची गुहा. शोध: युदिस्तिरा.’ इयोम तीनदा कचेरीत गेली. तिन्ही वेळा कारकुनाने विचारलं, "काही कागद आहे का?" बापाचा आयुष्यात एकच कागद होता, रेशनकार्ड, आणि त्यावर गुहेचा उल्लेख नव्हता. ती गप्प बसली. मनात म्हणाली, लाकूड आहे, वाळवी खाईल.

आणि आता त्याच जागी काळ्या दगडाचा फलक बसवायचं ठरलं होतं. दगडाला कोणती वाळवी लागणार? अक्षरं कोरण्याआधी प्रांताच्या कचेरीतून बू नूनुंग नावाच्या मोठ्या बाई एकदा जागा पाहायला येणार होत्या, आणि सोबत ‘शोधकर्ते’. दगडावर कुणाचं नाव जायचं, ते बाई परत गेल्यावर ठरणार होतं. म्हणजे इयोमच्या हातात एक सकाळ होती आणि एक भरती.

*

युदिस्तिराने तिला ओळखलं नाही. त्याचं पोट आता नाजूक दिसत नव्हतं. डोक्यावर रुंद काठाची टोपी, पायात नवे कोरे बूट.

"काय नेंग, वाट माहीत आहे ना?" तो म्हणाला. नेंग म्हणजे पोरी. सेहेचाळीस वर्षांच्या बाईला. इयोमने हेही लिहून ठेवलं, मनात.

"थोडीफार," ती म्हणाली. "चुकले तर तुम्ही आहातच."

बू नूनुंग हसल्या. गोल चेहऱ्याची, घामाघूम, पण दमले म्हणून न सांगणारी बाई. त्यांच्या पिशवीत युदिस्तिराचं पुस्तक होतं, पानापानांत कागदाच्या खुणा घातलेलं. कचेरीतल्या बायका मंत्र्यांची भाषणं वाचत नाहीत, पण या बाईने पुस्तक वाचलं होतं, तेही शेवटपर्यंत. त्यांच्यासोबत कचेरीतले दोघे जण होते. ते दिवसभर एकमेकांचे फोटो काढत होते.

रानात युदिस्तिरा पुढे आणि इयोम मागे. माकडं फांद्यांवर बसून पिशव्या निरखत होती. तो हातातल्या काठीने झाडं दाखवत बोलत होता, त्यातली निम्मी नावं बरोबर होती. वडाच्या जुन्या खोडाशी वाट फुटते. तिथे तो न थांबता, बोलणं न थांबवता, डावीकडे वळला. इयोमने त्याला वीस पावलं जाऊ दिलं. मग पंचविसावर हाक मारली.

"बापाक, तिकडे हरणं पाणी प्यायला जातात. गुहा इकडे आहे." बापाक म्हणजे साहेब; अदब तिने सोडली नाही.

"मला माहीत आहे," तो परत येत म्हणाला. "बाईंना पाणवठा दाखवत होतो."

"पाणवठा अजून पाऊण तास आहे," इयोम म्हणाली. "दाखवायचा का?"

बू नूनुंगनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि रुमालाने मान पुसली.

पायऱ्या उतरून ते गुहेच्या तोंडाशी आले तेव्हा साडेदहा झाले होते. आतल्या छतावरून गोड पाण्याचा थेंब थेंब खळग्यात पडत होता. समुद्र पन्नास पावलांवर, आणि पाणी मात्र गोड. नारळाच्या करवंटीची पळी नेहमीच्या जागी, दगडाच्या फटीत होती.

"ती निनीची गोष्ट सांगा ना," बू नूनुंग म्हणाल्या. "पुस्तकात वाचली आहे, पण इथे ऐकायची आहे."

युदिस्तिराने घसा साफ केला, तोवर इयोमने सुरुवातही केली होती. "गलबत फुटून एक राजपुत्र या वाळूवर येऊन पडला. तहानेने मरायला टेकलेला. इथे निनी राहायची. महारोगी म्हातारी, गावाने टाकलेली. तिने त्याला हाताला धरून या पाण्याशी आणलं. पुढे तो राजा झाला. दरबारात कुणी विचारलं, पाणी कसं सापडलं? म्हणाला, मीच शोधलं. महारोग्याचा हात धरला हे कसं सांगणार? तो पुढच्या वेळी इथे पाणी प्यायला आला, तेव्हा पाणी खारट. फक्त त्याच्यासाठी. बाकी सगळे गोड पीत होते आणि हा थुंकत होता."

"म्हणून इथे नाव घ्यायचं," बू नूनुंग उत्साहाने म्हणाल्या. "सहावं प्रकरण! ज्याने पहिल्यांदा वाट दाखवली त्याचं नाव मोठ्याने घेऊन मगच प्यायचं. किती सुंदर चाल आहे, बापाक, तुम्ही फार छान लिहिलं आहे."

चाल जुनी होती आणि साधी होती. मेलेला वाटाड्या त्याने आणलेल्या माणसांच्या तोंडून इथे येत राहतो. इयोमला इथे पहिल्यांदा तिच्या बापानेच आणलं होतं, कडेवर घेऊन. पण गावात मूल बापाचं नाव तोंडाने घेत नाही. ती नेहमी म्हणायची, ‘ज्याच्या कडेवर आले तो.’ निनीला तेवढं पुरत असेल, इयोमला पुरत नव्हतं. बापाने ज्यांना ज्यांना आणलं ते एकेक करून गेले. बापाचं नाव इथे घेऊ शकेल असा एकच माणूस जिवंत उरला होता, आणि तो आत्ता बुटाची नाडी सोडून परत बांधत होता.

इयोमने पळी भरली. बू नूनुंगनी ओंजळ केली. "तेह इयोम," त्या म्हणाल्या, म्हणजे इयोमताई, अगदी शाळेतल्या मुलीसारख्या स्पष्ट, आणि प्यायल्या. "गोड!" कचेरीतल्या दोघांनीही इयोमचंच नाव घेतलं.

युदिस्तिरा पुढे आला. इयोमने पळी धरून ठेवली, ओतली नाही.

"माझी गोष्ट वेगळी," तो म्हणाला. "मी एकटाच आलो होतो."

तिने ओतलं. तो प्यायला. पाणी त्याला खारट लागलं नाही, निदान चेहऱ्यावर तसं दिसलं नाही. निनीने काही केलं नाही. निनीला घाई नसते. घाई भरतीला असते.

*

वाळूवर जेवणं झाली. इयोमने जेवण लांबवलं, आणखी भात घ्या, आणखी मासा घ्या, हे फणसाचं एवढं चाखा. उठेपर्यंत ज्या खडकांवरून चालत फाटकाकडे जायचं त्यांच्यावर पांढरा फेस उड्या मारत होता.

"अरेच्चा," इयोम म्हणाली. "आता होडीनेच जावं लागेल. नाहीतर चार वाजेपर्यंत ओहोटीची वाट पाहायची."

होडी योगायोगाने जवळच होती. कांग ओदिंगची, म्हणजे ओदिंगदादाची. ओदिंग पन्नाशीचा, काळाकुळीत, दातांत लवंगेची सिगारेट. इयोमने त्याला एवढंच सांगितलं होतं की बाराला ये. बाकी काही नाही. त्याला काही शिकवायची गरज नव्हती. होडीत घेण्याआधी तो प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा, त्याचा बाप विचारायचा तोच. निनीच्या पाण्याशी खोटं बोललेलं माणूस होडीत असलं तर समुद्र अख्ख्या होडीला जबाबदार धरतो, अशी त्याची पक्की समजूत होती. आणि होडी त्याची होती.

"वर नाव घेतलं?" त्याने बू नूनुंगना विचारलं.

"तेह इयोम."

"या." त्याने हात दिला. कचेरीतले दोघेही तेच सांगून चढले. "बापाक, तुम्ही?"

"मी एकटाच आलो होतो, पहिल्यांदा," युदिस्तिरा म्हणाला आणि पाय उचलला.

ओदिंगने चढायची फळी मागे ओढली. पाय पाण्यात गेला, बुटासकट.

"हा काय प्रकार?"

"एकटं इथे कुणी येत नाही, बापाक. रानाच्या वाटेने वाटाड्या आणतो, पाण्याच्या वाटेने होडीवाला. आभाळातून पडला असाल तर तसं सांगा."

"अहो, या सगळ्या भाकडकथा आहेत!"

"असतील," ओदिंग शांतपणे म्हणाला. "पण माझी मुलगी सांगत होती तुमच्याच पुस्तकात छापल्यात म्हणून. सहावं प्रकरण का काय."

होडीतून बू नूनुंग म्हणाल्या, "बापाक, घ्या ना नाव. उगाच कशाला?"

युदिस्तिरा लाल झाला होता. लाट गुडघ्यापर्यंत आली. "बरं बाबा, होता एक म्हातारा. वाट दाखवायला होता. झालं?"

इयोमने मनात हिशोब केला. अठरा वर्षं.

"नाव?" ओदिंग म्हणाला.

"आबाह. आम्ही आबाहच म्हणायचो."

"या किनाऱ्यावरचा प्रत्येक म्हातारा आबाह असतो. दहा वर्षांनी मीही होईन. नाव सांगा."

युदिस्तिराने तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. त्याने आकाशाकडे पाहिलं, मग वाळूकडे. कपाळाला हात लावला.

तेव्हा इयोमला कळलं. हा नाव लपवत नव्हता. याला नाव आठवतच नव्हतं. अठरा वर्षं तिने उत्तरं घोकून ठेवली होती, तो नाकारेल तर काय बोलायचं, उडवून लावेल तर काय बोलायचं. लपवलेलं नाव निदान माणसाच्या आत कुठेतरी पडून असतं, टोचत असतं. याच्या आत काहीच नव्हतं. एकेचाळीस दिवस, एकशे सत्तर पायऱ्या, आणि आत रिकामं. आतापर्यंत तिचा राग निखाऱ्यासारखा होता, झाकून ठेवता येण्याजोगा. आता त्याने पेट घेतला.

"नेंग," तो तिच्याकडे वळला, "तू इथलीच ना? तू सांग. कोण होता तो?"

"मला त्यांचं नाव घेता येत नाही."

"का?"

"मुलीने बापाचं नाव घ्यायचं नसतं, बापाक."

त्याने तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा नीट पाहिलं. "तू... ती भात वाढणारी..."

"हो. आणि तुम्ही सांबालात साखर घालून मागायचात," ती म्हणाली. "मला सगळं आठवतं." आणि घोटा न भिजवता होडीत चढली. ओदिंगने फळी पुढे केली, तिला विचारलंही नाही.

"मला इथे सोडून जाणार? बाई, तुम्ही तरी..."

बू नूनुंग पुस्तकाच्या पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मला पोहता येत नाही, बापाक. होडी त्यांची आहे."

"रानातून या की," इयोम म्हणाली. तिने आवाज अगदी गोड ठेवला. "वाट तुम्हीच शोधली आहे ना? वडाशी डावीकडे वळू नका म्हणजे झालं."

इंजिन सुरू झालं.

*

तो पाण्याच्या कडेने धावत होता आणि ओरडत होता. "कार्सिता!" मग, "सुकर्मा! सुकर्माच ना?" माकडं खाली उतरून त्याने वाळूवर ठेवलेल्या पिशवीची तपासणी करत होती. "कास्वी! जुहरा! नाही, जुहरी!" अख्ख्या जावातले म्हातारे तो एकेक करून हाक मारून उठवत होता. कचेरीतल्या एकाला हसू आलं. बू नूनुंगनी त्याच्याकडे पाहिलं, तसं ते गेलं.

होडी साठ-सत्तर हात गेली असेल. तेव्हा मागून आलं, "कास्दिरा!"

आठवलं की नेम लागला, कोण जाणे. पण आलं. पाण्यावरून स्वच्छ आलं. इयोमने हे नाव भूशिरावर शेवटचं कधी ऐकलं होतं, ते तिला वर्ष-महिन्यासकट सांगता आलं असतं. तिने होडीची कड घट्ट धरली.

"तेह," ओदिंग म्हणाला. "वळवू?"

"कशाला? मला काही ऐकू आलं नाही. तुझं इंजिनच केवढं ओरडतंय."

ओदिंगने इंजिन बंद केलं. होडी लाटेवर नुसती डुलत राहिली. त्याने सिगारेट तोंडातून काढली.

"तेह इयोम. एक खोटं बोलणारा मी किनाऱ्यावर ठेवून आलो. दुसरा होडीत नको. ऐकलं की नाही?"

कडेला पाणी चुबुक चुबुक वाजत होतं. इयोमला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त चीड आली. त्या माणसापायी आपण बापाच्या नावाशी खोटं बोललो.

"ऐकलं," ती म्हणाली.

"मग वळवू?"

तिने मागे किनाऱ्याकडे पाहिलं. मग तिच्या ओठांच्या कडा हलल्या. "नाव कुठे घ्यायचं असतं, कांग?"

"गुहेच्या तोंडाशी."

"हा कुठे ओरडला?"

ओदिंगने विचार केला. प्रामाणिक माणूस, नियम म्हणजे नियम. "वाळूवर."

"मग?"

"मग त्याला परत वर जावं लागेल," ओदिंग म्हणाला, आणि फस्सकन हसला. "आणि तोवर मी थांबलो तर माझी जाळी कोण काढणार?" त्याने दोरी ओढली. इंजिन पुन्हा धडधडायला लागलं.

थोड्या वेळाने बू नूनुंग ओदिंगच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "काय नाव म्हणाले ते? शेवटचं?"

"कास्दिरा. आबाह कास्दिरा. माझ्या बापालाही त्यांनीच वर नेलं होतं."

बाईंनी पिशवीतून पेन काढलं. कागद मिळेना, तेव्हा पुस्तकच उघडलं, पहिल्या पानावर, जिथे युदिस्तिराची झोकदार सही होती. तिच्या खाली त्यांनी ते नाव लिहिलं, आणि होडी हलत होती म्हणून पुन्हा एकदा, नीट गिरवून.

*

फाटक पाचला बंद होतं. इयोम कडीवर हात ठेवून दगडी ओट्यावर उकडलेल्या शेंगा खात बसली होती. पाहुण्यांची गाडी अजून उभी होती. बू नूनुंग पलीकडे चहाच्या टपरीत बसल्या होत्या, आणि तिथून सगळं दिसत होतं.

पावणेपाचला तो खडकांवरून आला. टोपी नव्हती. एका पायात बूट, दुसरा अनवाणी. गुडघा खरचटलेला. फाटकापाशी येऊन थांबला, कारण कडी निघेना.

"मी वर जाऊन आलो," तो म्हणाला. "गुहेच्या तोंडाशी जाऊन नाव घेतलं."

"साक्षीला कोण?"

"वटवाघळं."

"पाणी कसं होतं?"

त्याने ओठांवर जीभ फिरवली. इयोमने ते पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. काही गोष्टी निनीच्या अखत्यारीत असतात.

"इथे घ्या नाव," ती म्हणाली.

"कास्दिरा."

"हळू बोललात. त्यांना ऐकायला कमी यायचं."

"कास्दिरा!" शेंगवाली वळून पाहायला लागली. टपरीतल्या माणसांच्या माना वळल्या. जुन्या लाकडी फलकाखाली उभा राहून तो तिसऱ्यांदा ओरडला, न सांगताच. "आबाह कास्दिरांनी मला गुहा दाखवली!"

इयोमने एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

"आणि त्यांनी वाहिलं ते सामान काय होतं?"

त्याने आपल्या अनवाणी पायाकडे पाहिलं. मागे समुद्र उतरत होता, खडकांवरून पाणी गळत होतं.

"मी," तो म्हणाला. "मी होतो."

इयोमने टरफलं रुमालात गोळा केली, उठली, आणि कडी काढली.